तेहेतीस, आपली पाळी आली!

उपाशी राहणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं होतं. तरीही उपाशीपोटी करायची ही साखरेची चाचणी आधी दोनदा फुकट गेली होती. एकदा चहा नडला, एकदा बिस्कीट.

पाच महिने पाळीचा पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावलं, "इन्सुलिन पेशींचं दार वाजवतंय, त्या उघडत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं आणि त्या गोंधळात स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. साखरेचा, इन्सुलिनचा रिपोर्ट आणा, मग औषध." मला औषध हवं होतं, पाळी हवी होती, आणि खरं सांगू? मूलही हवं होतं.

त्या दिवशी मात्र मी कडकडीत उपाशी! लॅबमध्ये पहिलं रक्त दिलं, नऊला ग्लुकोजचं पाणी घटाघटा प्यायले. दुसरं रक्त बरोबर अकराला. टोकन सासूबाईंच्या पर्समध्ये.

अकराला पाच कमी असताना मी कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये गेले. कडी लावली आणि दिवा गेला! मिट्ट काळोख. तेवढ्यात छतातून एका बाईचा थंडगार आवाज आला.

"तेहेतीस. आपली पाळी आली."

माझं वय तेहेतीस! हिला कुणी सांगितलं? दिवा लुकलुकत परत आला. पाहते तर काय, खरंच आली होती! आनंद राहिला बाजूला, अंगावर सर्रकन काटा आला.

टक. टक. टक.

"क-कोण?"

"रक्त घ्यायचंय!" दारापलीकडून घोगरा आवाज. "वेळ संपत आलीय!"

मी कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. टकटक वाढतच गेली, किती वेळ गेला कुणास ठाऊक. आता चार हात दार बडवत होते!

"तेहेतीस. आपली पाळी गेली."

"अहो, आत्ता तर आली!" मी छताकडे बघून किंचाळले आणि रडतच दार उघडलं.

बाहेर मास्क लावलेली, सुई घेतलेली लॅबवाली आणि टोकन फडकवणाऱ्या सासूबाई. टोकनावर तेहेतीस! वर सकाळपासून मुका असलेला, नुकताच दुरुस्त झालेला स्पीकर.

"आई, पाळी आली!" मी सासूबाईंच्या गळ्यात पडले.

"आली गं बाई एकदाची!" त्यांचे डोळे भरून आले.

"गेली!" लॅबवालीनं घड्याळ दाखवलं. "अकरा वीस. आता हे रक्त चालणार नाही. पुन्हा या. उपाशी!"

सासूबाईंनी डोळे पुसले, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या दाराकडे.

"तुझ्या पेशी कुणावर गेल्यात, ते आज कळलं हो मला!"