उरलेले एकाहत्तर टक्के

अहवाल लिहिणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! एकोणीस वर्षं मी लिफ्ट तपासतोय. दोर, ब्रेक, दरवाजा, धोक्याची घंटा, सगळं बघायचं आणि खाली उतरून अहवाल लिहायचा: दोष काय, कारण काय, जबाबदार कोण, शिफारस काय. माझ्या अहवालांनी भल्याभल्या बिल्डरांना घाम फुटलाय. त्यामुळे इंग्रजीच्या परीक्षेत एक तक्ता देतात आणि त्यावर दीडशे शब्दांचा अहवाल लिहायला लावतात, असं बायकोने सांगितलं तेव्हा मी चक्क हसलो.

"एवढंच? मग तिकिटं काढूनच टाक!"

बायको नर्स. तिला परदेशातल्या एका इस्पितळात नोकरी लागली होती. तिथल्याच एका लिफ्टच्या कंपनीने मलाही घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, ही परीक्षा. मी पास झालो तर दोघं जाणार, नाहीतर ती एकटी. ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. मी क्लास लावला तो केवळ तिच्या समाधानासाठी.

क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी तक्ता दिला. पाच देशांतले लोक खाण्यापिण्यावर, कपड्यांवर आणि करमणुकीवर किती टक्के खर्च करतात. मी दहा मिनिटांत अहवाल ठोकून दिला. बाईंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे काय लिहिलंय? 'तिसऱ्या देशाने करमणुकीवर फक्त दोन टक्के खर्च करून गंभीर हलगर्जीपणा केला आहे. सात दिवसांत खुलासा मागवावा'?"

"मग नको मागवायला? दोनच टक्के! माणसं आहेत की यंत्रं?"

"अहो, दिसतं तेवढंच लिहायचं. कुठे जास्त, कुठे कमी. कारण सांगायचं नाही, दोष द्यायचा नाही. सल्ला तर नाहीच नाही!"

"मग तो अहवाल कसला?"

बाईंनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि दुसरा तक्ता पुढे सरकवला. 

घरी बायकोने माझा ताबा घेतला. जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "काय दिसतंय, सांगा."

"तीन कप. तुला विसळायचा कंटाळा, म्हणून..."

"कारण नको!"

"तीन कप. ते वेळच्या वेळी विसळावेत, अशी..."

"शिफारस नको!"

"तीन कप," मी म्हणालो. इतकं अपुरं वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. पण पंधरा दिवसांत सवय झाली. बायकोने तिकिटांची चौकशीही सुरू केली.

परीक्षेला तसाच तक्ता आला. पाच देश, तीन रकाने. मी झकास सुरुवात केली. चाळीस शब्द झाले आणि हात सवयीने बेरजेला लागला. पहिला देश: खाणं वीस, कपडे पाच, करमणूक चार. एकोणतीस! उरलेले एकाहत्तर टक्के गेले कुठे? दुसरा देश केला, तर बत्तीसच भरले. पाचही देशांत तोच घोळ! मी हात वर केला. पर्यवेक्षिका धावत आल्या.

"बाई, लोकांचे पैसे गायब आहेत. निम्म्याहून जास्त!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांच्या पिशव्या आणि पाकिटं बाहेरच्या खोलीत ठेवलेली होती. त्यांनी मुख्य पर्यवेक्षकांना बोलावलं, त्यांनी शिपायाला पिटाळलं, शिपायाने खोलीची झडती घेऊन माझं पाकीट आणलं. मी मोजलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मग कुठे कमी पडतंय?" मुख्य पर्यवेक्षकांनी विचारलं.

"पाचही देशांत!" मी तक्ता पुढे केला.

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वेळ संपायला चार मिनिटं उरलीत," एवढंच म्हणाले.

चार मिनिटांत हात जे जाणतो तेच लिहितो. मी लिहिलं, 'एकाहत्तर टक्क्यांचा हिशेब लागत नाही. जबाबदार: तक्ता बनवणारा. शिफारस: दुरुस्ती होईपर्यंत पाचही देश वापरासाठी बंद ठेवावेत.'

अर्ध्या गुणाने नापास झालो. बायको एकटी गेली. निघताना तिने कप विसळून पालथे घातले होते. मला फार वाईट वाटलं, हे सरळ सांगतो.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. परवा विचारलं, "घरात खर्च कशावर होतोय?"

"खाण्यावर चाळीस टक्के. कपड्यांवर शून्य. करमणुकीवर एक."

"एकच? का हो?"

"कारण सांगायचं नसतं."

तिने लगेच बेरीज केली. मग म्हणाली, "आणि उरलेले एकोणसाठ?"

"ते तक्त्यात दिलेले नाहीत!" मी ठणकावून सांगितलं.

ते परीक्षेच्या फीमध्ये गेले. तिसऱ्यांदा भरलीय, हे तिला पास झाल्यावरच सांगीन. दुसऱ्या वेळी मी बेरजेच्या वाटेलाही गेलो नव्हतो. शेवटच्या ओळीत एक छोटीशी शिफारस तेवढी निसटली.