मेबलबाईला पोळ्याचं आवतण

माझी नणंद रेणू कुठल्याही जनावराजवळून मुकाट्यानं जात नाही. आधी वर्दी देते. ओट्यावर मांजर झोपलेलं असलं तरी दारात थबकते आणि हलक्या आवाजात म्हणते, "मी येऊन राह्यली बरं. मंग म्हणशीन सांगतलं नाही." मांजर कान हलवतं. रेणू तेवढ्यावर समाधान मानते आणि भिंतीला पाठ घासत पलीकडे सटकते.

लग्न होऊन मी यवतमाळहून आर्णीजवळच्या या गावात आले, तेव्हा मला वाटलं, पोरगी भारी मायाळू आहे, मुक्या जिवांशी बोलते. आठवडाभरात कळलं, की ही माया नाही, भीती आहे. म्हणजे मायाही आहे, पण लांबूनची. गल्लीतल्या कुत्र्याला ती रोज पाणी ठेवायची, ठेवलं की धूम घरात पळायची आणि खिडकीतून सांगायची, "पी आता." बकरीला पाला द्यायचा तर तुराटीच्या टोकाला बांधून द्यायची. मी एकदा विचारलं, "तुला कधी चावलं का गं कोणी, मारलं का?"

"नाही वयनी. भेवाले कारण कायले लागते?"

आणि ही पोरगी जन्मली कुठे, तर दारात बैलजोडी, गाय आणि बकऱ्या असलेल्या घरात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गोठ्यातच लहानाचे मोठे झालेले. त्यांची लेक मात्र गोठा टाळण्यासाठी मागच्या बोळातून शाळेत जायची. "माह्याच घरात हे पोट्टी कशी निपजली," असं ते बैलांना विचारायचे. आम्हाला विचारण्यात अर्थ नव्हता.

त्यामुळे बीएस्सी झाल्यावर रेणूनं जेवताना जाहीर केलं, की ती न्यूझीलंडला शिकायला चालली आहे आणि जनावरांची काळजी कशी घ्यायची ते शिकणार आहे, तेव्हा मामाजींचा हात ताटातच राहिला.

"कायची काळजी?"

"ढोराची."

"कोन घेनार?"

"मी."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात काहीही विपरीत घडलं की ते आधी यवतमाळच्या सुनेकडे पाहतात.

नंतर स्वयंपाकघरात मी तिला गाठलं, तेव्हा ती म्हणाली, "तिकडं कुत्रे-मांजरी असतेत वयनी. न्हाऊ घालाचं, नखं कापाचे, केस विंचराचे. अन् भेव घरी बसून जात नाही नं. त्याच्यापाशीच जा लागते." जी पोरगी पुसदच्या बसमध्ये बसली की उतरेपर्यंत दोनदा फोन करते, ती समुद्रापलीकडे जाणार होती. मी तिच्या बॅगेत तिखट, मेतकूट आणि हळदीचं सीलबंद पाकीट भरलं. माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

त्या देशात म्हणे बाहेरची माती, बी-बियाणं, काहीही चालत नाही. विमानतळावर उतरल्या उतरल्या रेणूनं अधिकाऱ्याला कोणी न विचारता सांगितलं, की माझ्या चपलेला वडलांच्या गोठ्यातलं शेण लागलेलं असू शकतं. लागलेलं नव्हतं. पण सांगितलेलं बरं. त्या लोकांनी तिच्या चपला आत नेल्या, औषधाच्या पाण्यानं धुतल्या आणि परत आणून दिल्या. आमच्या गावात लग्नातही कोणी कोणाच्या चपलांची एवढी बडदास्त ठेवत नाही.

मग सकाळचे फोन सुरू झाले. तिची दुपार म्हणजे आपली सकाळ. माझी भाकर तव्यावर असायची, फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला, आणि मामाजी चुलीजवळ पाट घेऊन बसलेले. पहिल्याच आठवड्यात रेणूचा चेहरा पडद्यावर आला तो पांढराफटक.

"वयनी, फसली मी. इतं सारेच हायेत. गाई हायेत, घोडे हायेत, मेंढ्या तं मोजता येत नाहीत."

"आणि कुत्री-मांजरं?"

"ते शेवटच्या सत्रात."

त्यानंतरचे तिचे पराक्रम आम्ही भाकरी थापता थापता ऐकले. गिनी पिग नावाचा उंदराहून मोठा आणि सशाहून गरीब प्राणी तिनं हातमोज्यांवर हातमोजे चढवून वजनकाट्यावर ठेवला, आणि उतरवायला दुसरं कोणी येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. कोंबडी पकडायच्या दिवशी कोंबडीच हिच्या मागे लागली. अल्पाका म्हणून एक मेंढीच्या लोकरीचं, उंटाच्या मानेचं जनावर असतं. रेणू सावधगिरी म्हणून त्याच्यापासून पुष्कळ लांब उभी राहिली आणि ते नेमकं लांबवर थुंकणारं निघालं. "तोंडावर थुकलं वयनी," तिनं सांगितलं. मामाजी पाटावरून म्हणाले, "आधी सांगतलं नसशीन."

सांगायची ती. तिथेही सांगायची, आणि आपल्याच भाषेत. प्रत्येक पिंजऱ्यापाशी, प्रत्येक फाटकापाशी आधी तिची वर्दी. शिकवणाऱ्या हेलन मॅडमनी एक दिवस विचारलं, हे तू काय पुटपुटतेस. रेणू घाबरली, पण अर्थ सांगितला. मॅडमना ते फारच पसंत पडलं. जनावराच्या अंगावर एकदम जायचं नाही, आधी आवाज द्यायचा, हेच तर त्या वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवत होत्या. त्यांनी रेणूकडून ते वाक्य घोकून घेतलं. पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग मेंढ्यांच्या वाड्याबाहेर उभा राहून मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत वर्दी देत होता. रेणूनं त्याचा व्हिडिओ पाठवला. मामाजींनी तो गावभर दाखवला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग मेबल आली.

मेबल ही कॉलेजच्या गोठ्यातली म्हातारी गाय. काळीपांढरी, बिनशिंगाची, आणि आकारानं आपल्या दोन बैलांची एक. रेणू तिला मेबलबाई म्हणायची. एवढ्या मोठ्या अंगाला एकेरी नावानं हाक मारायची तिची हिंमत नव्हती. परीक्षा अशी होती, की मेबलबाईच्या तोंडाला म्होरकी घालायची, दोरी धरायची आणि तिला एकटीनं गोठ्यातून वजनकाट्यापर्यंत चालवत न्यायचं. पहिल्या वेळी रेणूच्या हातून दोरी सुटली. दुसऱ्या वेळी ती फाटकाच्या आतच गेली नाही, बाहेरून वर्दीच देत राहिली. तिसरी संधी शेवटची. त्यात नापास झाली, तर वर्ष तिथेच संपणार आणि ती घरी येणार.

त्या दिवसांत तिचे फोन ऐकवत नसत. हसणं गेलं, गोष्टी गेल्या. "वयनी, रात्री डोये मिटले का तेच दिसते, एवढं मोठं तोंड." एकदा नुसतीच रडली आणि म्हणाली, "मले घरी याचं हाये." मामाजी फोनवर खेकसले, "दोरी जवयून धरत जाय, लांबून धरशीन तं वढनारच ते." आणि उठून गोठ्यात गेले. मी भांडी बाहेर काढायला गेले तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते. त्या माणसाला मी कधी कशाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं. ते पाहून मला जास्तच भीती वाटली.

परीक्षा नेमकी पोळ्याच्या दिवशी आली. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे शेकले. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना मामाजींनी पळसाच्या पानानं तूप-हळद चोळली आणि बैलांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रेणूचा त्या दिवशी फोन नव्हता.

पोळ्याच्या सकाळी मी पुरण वाटत होते. फोन वाजला. पडद्यावर रेणू.

"वयनी, परीक्षा थांबोली. मेबलबाईले वेगयं बांधलं. डॉक्टर येऊन राह्यला."

"काय झालं तिला?"

"खांद्यावर पिवया डाग दिसला म्हणतेत. कातडीचा रोग असन, लागट असन, म्हणून साऱ्या गोठ्याले कुलूप लावलं." तिनं श्वास घेतला. "वयनी, ते हयद हाये."

मी भरलेली हळद. आदल्या दुपारी सगळे गेल्यावर रेणू गोठ्याशी गेली होती. कुंपणाबाहेरून, डोळे मिटून, एक हात आत घालून तिनं लोण्यात कालवलेली हळद मेबलबाईच्या खांद्याला चोळली होती, आणि पोळ्याचं आवतण दिलं होतं. पांढऱ्या कातडीवर आपली हळद काय चढते, ते आपल्या लग्नातल्या कपड्यांना विचारा.

मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना परीक्षेचं, कुलपाचं काही नव्हतं. "गाईचा खांदा शेकला? काहून? तिनं जन्मात जू तरी पाह्यलं काय?"

"बाबा, मले वापस पाठोतीन हे लोक."

"सांगतलं त्यायले?"

"नाही. भेव वाटते."

मामाजी अगदी हळू, बैलाशी बोलावं तसे म्हणाले, "मांजरीले सांगते, कुत्र्याले सांगते. विमानतळावर चपलीचं सांगतलं. मंग मॅडमले सांगाले काय झालं? जाय बाई. आधी सांग, मंग भे."

फोन बंद झाला. बैल धुऊन आले, शिंगं रंगली, झुली चढल्या. माझ्या दोन पोळ्या करपल्या. मामाजी बैलाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधत होते, तो त्यांच्याकडून लागेचना. मला एकसारखं दिसत होतं, की पोरगी बॅग घेऊन आर्णीच्या स्टँडवर उतरते आहे आणि आयुष्यभर मागच्या बोळातून जाते आहे.

बैल गावाच्या तोरणाखाली न्यायला अजून बराच वेळ होता, तेवढ्यात फोन आला. रेणूच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

तिनं सांगून टाकलं होतं. हेलन मॅडमनी सगळं ऐकलं, कोमट पाण्याची बादली हातात दिली आणि कुलूप उघडलं. डाग तू लावलास, तू धू. डॉक्टर बघेपर्यंत दुसऱ्या कोणाला आत जायची मनाई होती. रेणूनं फाटकाशी वर्दी दिली आणि आत गेली. "पाय कुठं पडून राह्यले, काई समजे नाही वयनी. मी नुसती घासत होती. अन् तिनं मान फिरोली नं माही बाही चाटली." हळद फिकी झाली, गेली नाही. डॉक्टरनं वास घेतला, बोट लावून पाहिलं आणि हसत गाडीत जाऊन बसला. मॅडम म्हणाल्या, आता तिला तिच्या जागेवर नेऊन बांध. रेणूनं म्होरकी घातली, दोरी जवळून धरली आणि नेलं. वाटेत तो वजनकाटा आला, तोही ओलांडला. बांधून झाल्यावर मॅडमनी आधी यथेच्छ झापलं, की न विचारता जनावराच्या अंगाला पाणीसुद्धा लावायचं नाही, आणि मग सांगितलं, की तू पास झालीस.

मामाजींनी मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. चूल केव्हाच विझली होती.

माझी जीभ तेव्हा सैल सुटली. "काय गं, तिथली माणसं संपली होती का? आवतण द्यायला तुला गायच सापडली?"

रेणू हसली. मग हसायची थांबली.

"मानसायले बोलावलं अन् नाही आले तं, वयनी? गाय कुंपणातच रायते. ते कुठं जाते." बाही पिळत ती म्हणाली, "आल्यापासून एकटीच जेवतो मी. आज साखर-पोयी घेऊन कुंपणापाशी बसली होती. तिले द्याची मनाई हाये. तिनं गवत खाल्लं, मी पोयी खाल्ली. पोया झाला."

मी जनावरांच्या भीतीवर इतकी वर्षं हसत आले होते. ही दुसरी भीती माझ्या ध्यानीमनीही नव्हती, आणि हिला तुराटीच्या टोकाला बांधूनही काही देता येत नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू आलं. मामाजी फोनवर वाकले.

"मॅडमले आवतन दे," ते म्हणाले. "वर्गातल्या पोरायलेही दे. येतीन."

"नाही आले तं?"

"मंग आमी हावो नं फोनवर. आमी जेवतो तुह्यासंगं."

रविवारी तिच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या दुपारच्या जेवणाआधी, तिनं फोन टेबलावर उभा केला. पुरणपोळ्या जरा जाड झाल्या होत्या. ताटल्या मांडलेल्या होत्या, आणि मागे तिच्या खोलीचं बंद दार दिसत होतं. इकडे आम्हीही ताटं वाढून बसलो होतो. कोणी घास घेईना. रेणू दाराकडे बघत होती आणि आम्ही पडद्यातून त्याच दाराकडे बघत होतो. ती एकदा पदार्थ झाकून आली. मग पुन्हा उघडून आली. वेळ टळत चालली होती. "गाडी भेटली नसन," मामाजी म्हणाले.

दारावर टकटक झाली नाही. आधी बाहेर बऱ्याच पायांचा आवाज आला, कुजबुज झाली, आणि मग एका बाईचा जाड, परका आवाज एकेक शब्द जुळवत म्हणाला, "मी येऊन राह्यली बरं."

रेणू जागची हललीच नाही. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

मामाजी फोनच्या अगदी जवळ सरकले. "दार उघड व माय," ते म्हणाले, "पोया थंड्या होतेत."