तुमसरचा आदिमानव

लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं घमेलं घेऊन आला की लोक ताट पुढे करतात. आमचे श्रावणभाऊ ताटावर हात आडवा धरतात आणि विचारतात, "आदिमानवाले भेटलं असतं का हे?"

वाढप्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो पुढच्या ताटाकडे सरकतो. मग वरण येतं, पोळी येते, बुंदी येते, मठ्ठा येतो. प्रत्येकाला तोच प्रश्न. शेवटी ताटात उरतात काकडीच्या चकत्या आणि मुळा. तेव्हा श्रावणभाऊ सदऱ्याच्या खिशातून रुमालात बांधलेली उकडलेली अंडी काढतात, टेबलाच्या कडेवर टकटक करून सोलायला बसतात, आणि शेजारचा एखादा माळकरी म्हातारा "राम राम" म्हणत खुर्ची सोडून उठतो.

दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं असतं तर मी म्हटलं असतं, असतात बाप्पा एकेक. पण हे तुमसर आहे. इथं हवेलासुद्धा कोंड्याचा वास येतो. आणि श्रावणभाऊ म्हणजे राईस मिलमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. धानाची गाडी लागली की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, दोन-चार दाणे तळहातावर चोळायचे, एक दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, "वलं आहे गा. वाळू दे आणखी." घरी सकाळी शिळ्या भाताला फोडणी, दुपारी भात, संध्याकाळी भात. पोळी त्यांच्या घरी पाहुणा आला तरच व्हायची. अशा माणसानं भात सोडावा, म्हणजे कोळ्यानं पाण्याला शिवणार नाही म्हटल्यासारखंच झालं की नाही?

मी त्यांचा शेजारी. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून कोथिंबीर आणि भांडणं दोन्ही आरपार येतात. चौकात माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे गावाची नाडी थोडीफार माझ्या हाती असते. श्रावणभाऊंच्या मंडळींची, सिंधूवहिनींची, साखरेची औषधं माझ्याकडूनच जातात. गेल्या वर्षी धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळी वहिनींच्या पायाला खुंट लागला. एवढीशी जखम, पण भरून येईचना. शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, भात बंद करा, नाहीतर आज बोट जाईल आणि उद्या पाऊल. वहिनी त्यांना म्हणाल्या, "पाय घ्या साहेब, पन भात नोका घेऊ." डॉक्टर हसले. वहिनी हसल्या नव्हत्या.

आणि नेमक्या अशा वेळी, घरात बायको पाय उशीवर ठेवून बसलेली असताना, या माणसाच्या डोक्यात आदिमानव शिरला.

झालं असं की नागपूरच्या मुलीनं घेऊन दिलेल्या मोबाईलवर त्यांनी कुठंतरी एक व्हिडिओ पाहिला. शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा तेच खायचं. मांस, मासोळी, अंडी, फळं, भाज्या, कंदमुळं. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. पॅलिओ म्हणतात त्याला. श्रावणभाऊ ते नाव घेत नाहीत. ते थेट मूळ पुरुषाचं नाव घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि दोन्ही तळवे वर केले. ही त्यांची जुनी खोड. मिलमध्येही कुठलं धान घ्यायचं, कुठलं परत करायचं, हे असंच ठरायचं. उजवा तळवा म्हणजे फायदा, डावा म्हणजे तोटा. बोलता बोलता एक खाली जातो, दुसरा वर येतो, आणि समोरचा माणूस मुकाट्यानं काटा थांबायची वाट बघतो.

"सांग," ते म्हणाले, "आदिमानवाले शुगर होती का?" उजवा तळवा खाली.

"भाऊ, तो पंचविशीत वाघाच्या पोटात जात होता. शुगर व्हायला टाइम कुठं होता त्याला?"

त्यांनी विचार केला. डावा तळवा थोडा खाली आला. "हा मुद्दा तोट्यात धरू," म्हणाले. माणूस हट्टी आहे, पण काटा मारत नाही.

मग रोजच सुनावणी सुरू झाली. बटाटा? जमिनीतून निघते, म्हणजे उकरून खाल्ला असन, पण आपल्या जंगलात नव्हता, सबब, नाही. मध? पोळं भेटलं तर चालते, बाटलीतला नाही. दूध? "आदिमानव रानम्हशीच्या मागं दुधाचा गंज घेऊन धावला असता का? लाथ बसली असती." लाखोरीची डाळ? बाद. मोहफुलं? चालतात. मोहाची दारू? यावर ते खूप वेळ तळवे वरखाली करत बसले आणि दुकानातली गिऱ्हाइकंही औषध घ्यायचं सोडून निकालाची वाट बघत उभी राहिली. शेवटी म्हणाले, "भट्टी नव्हती त्याच्यापाशी." दोघंजण हळहळत निघून गेले.

"आणि चहा, भाऊ?"

"ते सोड."

चहा सुटला नाही. बिनदुधाचा, बिनसाखरेचा पितात आणि पिताना माझ्याकडे बघत नाहीत.

मी औषधाचा धंदा करतो, तेव्हा खरं ते सांगतो. फायदा झाला त्यांना. पोट गेलं, पँट कमरेवर राहीना, पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली. जिना चढताना लागणारा दम थांबला. तोटाही झाला. इसबगोलची पुडी आली. चिडचिड आली. खर्च तर विचारूच नका. धानाच्या मुलखात भात सोडून रोज मरळ मासोळी आणि अंडी खायची म्हणजे चेष्टा नाही. आणि माणसं तुटली. पानठेल्यावर भजी आली की हे बाजूला. कोणाकडे पोहे झाले की हे पाणी पिऊन परत. आपल्याकडे आलेल्या माणसाला चार घास घातल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि घास तर भाताचाच असतो. हळूहळू लोकांनी यांना बोलावणंच कमी केलं. आदिमानव टोळीनं राहत होता म्हणतात. यांची टोळी गेली.

पण माझा खरा राग वेगळा होता. यांनी आपल्यापुरतं वेड करावं ना! घरातला सगळा तांदूळ, चिन्नोरचे कट्टेच्या कट्टे, एका दुपारी गाडीत घालून मुलीकडे धाडून दिले. घरात दाणा ठेवला नाही. म्हणाले, "गुहेत कोठी नव्हती."

त्या दिवशी भिंतीवरून सिंधूवहिनींचा जो पट्टा सुटला, तो अर्ध्या गल्लीनं ऐकला. "अवो, तुमाले नाई खायचं तं नोका खाऊ! माह्या तोंडचा भात काहून काढला? कोनत्या जन्माचा आदिमानव माह्या पदरी पडला वो बाई! उद्या म्हनसान झाडाचा पाला नेस!" हे रोजचं झालं. अंड्याच्या टोपल्यापाशी एकदा, मासोळी तळताना एकदा. श्रावणभाऊ मान खाली घालून ऐकत आणि मधेच म्हणत, "रागावू नोको. आदिमानवाची बायको नव्हती रागावत."

"तिनं पयलेच दगड घातला असन त्याच्या डोस्क्यात!"

मला वहिनींचं वाईट वाटे. आजारी बाई, तिला धीर द्यायचा की तिच्यापुढे असले खेळ करायचे? तरी एक गोष्ट मी पाहत होतो. घरात भातच नाही म्हटल्यावर वहिनीही मासोळी, भाजी, अंडं यांच्यावरच होत्या. औषधं चालूच होती. हिवाळ्यात जखम भरली. यंदाच्या रोवणीला पायात चप्पल घालून बांधावर उभ्या राहून बायकांवर ओरडायला त्या गेल्या, तेव्हा मला खरंच आनंद झाला.

आणि मग आलं नवं.

नवं म्हणजे बांधीतलं पहिलं धान घरी येतं, त्याचा भात शिजतो, देवाला आणि पितरांना दाखवतात, आणि मग घरचा मोठा माणूस पहिला घास घेतो. त्यानं घेतल्याशिवाय घरातलं कोणी ताटाला हात लावत नाही. मुलगी आली नव्हती, म्हणून दोघांनी मला जेवायला बोलावलं. मी सकाळपासून काही खाल्लं नाही, खोटं कशाला बोलू!

वहिनींनी लहानशा गंजात भात शिजवला होता. झाकण काढलं आणि सगळी ओसरी वासानं भरून गेली. वर्षभरानंतर त्या घरात भात शिजला होता. ताटं मांडली. देवाचं झालं, पितरांचं झालं. आता श्रावणभाऊंची पाळी.

त्यांनी ताटाकडे बघितलं. मग दोन्ही तळवे वर केले. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस आपल्याला उपाशी मारतो!

पण काटा हललाच नाही. त्यांनी हात खाली घेतले, एक घास उचलला आणि तोंडात घातला. डोळे मिटून इतका वेळ चघळला की मला वाटलं, आता "वलं आहे" म्हणतात की काय. मग चिंचोक्याएवढा दुसरा घास केला आणि तो वहिनींच्या ताटात ठेवला.

"खाय," म्हणाले. "नवं आहे."

वहिनींनी खाल्ला. भाऊंनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं आणि लगेच वहिनींचंही सरकवलं. "झालं. आदिमानवाले कधीमधी एखादं कणीस भेटलंच असन, तेवढं धरू. बाकीचं हा खाईन." मी खाल्लं. तिघांचं खाल्लं.

हात धुवायला अंगणातल्या नळावर गेलो. वहिनी तिथं भांडी घासत होत्या. पोट भरल्यावर माणूस उगीच शहाणपणा करतो. मी म्हटलं, "वहिनी, भाऊंच्या वेडापायी तुम्हाला सणाचाही भात धड मिळाला नाही."

त्यांचा हात थांबला. ओसरीकडे एक नजर टाकून हळूच म्हणाल्या, "तुमीबी भोळेच हा. डॉक्टरकडून आलो, त्या दिशी मी यायले भात वाढला आनि माह्यासाठी भाजी घेतली. यायच्या घशाखाली घासच उतरेना. ताट तसंच उचललं. दुसऱ्या दिशी तसंच. आनि मंग तिसऱ्या दिशी हा आदिमानव निंगाला."

नळाखाली हात धरत मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? मग रोज एवढ्या शिव्या कशाला?"

"नाई देल्या तं त्यायले समजन ना, मले समजलं म्हनून! मंग माह्यापायी उपाशी रायले असं होईन. मले घास गोड लागन का? आता कसं, आपल्या येडापायी उपाशी हायेत. मीबी तोंडभर बोलून घेतो, तेबी खुश." पदराच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा गंज घासायला घेतला.

मी वळून ओसरीत पाहिलं. श्रावणभाऊ ताटं उचललेल्या जागी तसेच बसून होते. उजवा हात नाकाशी धरलेला. भात खाल्लेला हात त्यांनी अजून धुतला नव्हता. डोळे मिटून त्याचा वास घेत होते, आणि डावा हात मांडीवर मोकळा पडला होता.

मग त्यांना आमची चाहूल लागली असावी. गडबडीनं उठून ते नळाकडे यायला निघाले.

वहिनींनी त्यांना येताना पाहिलं आणि चटकन नळ घट्ट बंद केला. भरलेली बादली पायानं मोरीच्या भिंतीआड सारली. माझ्या हातांवरून अजून पाणी गळत होतं.

"पानी गेलं वो!" त्या ओरडल्या. "बसा तसेच थोडा वेळ!"

श्रावणभाऊ दारातच थांबले. हात परत नाकाजवळ नेत म्हणाले, "जाऊ दे. आदिमानव कुठं हात धूत होता!"