सबनीसकाकांचा हलता हात

सबनीसकाकांच्या हातात काहीही द्या, ते हलायला लागतं. चहाचा कप, ताकाचा तांब्या, दुसऱ्याचा फोन. हळूहळू, एका लयीत, डावीउजवीकडे. एकदा समुद्रकाठी बार्बेक्यूला मी त्यांच्या हातात कोशिंबिरीचं भांडं दिलं आणि कोळसे आणायला गेले. परत येऊन बघते तर काका सूर्यास्त बघतायत आणि कोशिंबीर झोके घेतेय.

"काका, ठेवा ना खाली!"

"अगं हो की. सवय!"

सवय नोकरीची. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या हॉस्पिटलात काका रक्तपेढी सांभाळतात. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारक्या पेशी. त्यांच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवून चालत नाहीत, खोलीच्या साध्या गारव्यात सतत हलवत ठेवाव्या लागतात. त्यासाठी यंत्र असतं. काका त्याला पाळणा म्हणतात. विमानाने येणाऱ्या त्या पिशव्या जेमतेम आठवडाभर टिकतात, म्हणून काका त्यांना पाहुण्यांसारखं जपतात. डार्विनच्या उकाड्यात आम्ही घामाने निथळत असलो की म्हणतात, "माझ्या पोरी बघा, मजेत एसीत झुलतायत!"

स्वतःच्या पोरी नाहीत. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "राहून गेलं." जसं काही इस्त्रीला कपडे द्यायचे राहून गेले!

त्यांचं दुसरं वेड म्हणजे नवजात बाळं. "बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे!" हे त्यांचं पालुपद. डोहाळजेवणाला बायका ओटी भरत असतात आणि हे हातातली बर्फीची वाटी झुलवत सांगत असतात, "नवजात बाळाच्या प्लेटलेट्स निवांत असतात. मोठ्यांच्या कशा, हाक मारली की धावतात. यांना चार हाका माराव्या लागतात. पण बाळाच्या रक्तात त्यांना चिकटवणारी द्रव्यं तगडी, त्यामुळे काम चोख! आळशी म्हणायचं नाही त्यांना!" आता कोण म्हणत होतं?

एका बारशाला तर त्यांनी कहरच केला. घड्याळ लावून पाळण्याशी उभे राहिले आणि बाळाच्या आत्याला म्हणाले, "वेग जरा जास्त होतोय तुमचा." आत्या अशी फणकारली की बास. तेव्हापासून बारशाची आमंत्रणं काकांना बारसं झाल्यावरच पोचायची. काका दुसऱ्या दिवशी झबलं घेऊन दारात हजर. आत या म्हटलं तरी बाळाला लांबूनच बघून जायचे.

मीही हसायचे. माझी मुलगी सात आठवडे आधी जन्मली आणि माझं हसू पार पळालं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, प्लेटलेट्स कमी होतायत. रक्तस्राव नाहीये, म्हणून आत्ता बाहेरून देत नाही, बारीक लक्ष ठेवतो. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नवरा, निखिल, नको नको म्हणत असताना मी गाऊनवरच लिफ्टने खाली उतरले आणि काकांच्या रक्तपेढीच्या दारावर थापा मारल्या.

"पिशवी आहे ना तुमच्याकडे? मग द्या की वर!"

"आहे. तिच्या गटाची, तयार आहे. डॉक्टरांचा फोन आला की मी स्वतः पळत येतो."

"फोन यायच्या आत काही झालं तर?"

"ऐक. पिशवीतल्या प्लेटलेट्स मोठ्या माणसांच्या. घरात बाळ झोपलंय आणि आपण ढोलताशा आणायचा, असं होतं ते. गरज असेल तर आणायचाच. पण उगाच आणला तर बाळाला त्रास होऊ शकतो. बाळ म्हणजे..."

"पुरे!" मी किंचाळले. "तुमची मुलगी असती तर हेच सांगितलं असतंत?"

काकांचा हात थांबला. मी तो थांबलेला कधी बघितला नव्हता.

"माझी असती तर मीही असाच ओरडलो असतो," ते म्हणाले. "म्हणून तर हे आईबापांवर सोडत नाहीत. जा, तिच्याजवळ बस. मी इथेच आहे."

आणि खरंच तिथेच राहिले. शिफ्ट संपली तरी डबा उघडून यंत्रासमोरच बसायचे, असं त्यांच्या सहकारी बाईंनी मला नंतर सांगितलं. एखाद्या अवघड क्षणी माणूस किती वाईट बोलतो! मला अजून लाज वाटते.

सहाव्या दिवशी आकडा आपोआप चढायला लागला. पिशवी लागलीच नाही.

लेक घरी आली, बारसं ठरलं. निखिलला बहीण नाही. आत्या कोण होणार?

"सबनीसकाका," मी म्हटलं.

"अगंबाई, पुरुष आत्या?" बायका ओरडल्या.

"तेच. आणि आमंत्रण आधी जाईल."

काका नवा कुर्ता घालून तासभर आधी आले, कपाळावर घाम. बाळाच्या कानात "कुर्रर्र, इरा!" म्हणाले आणि प्रथेप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या डोहाळजेवणांचा सूड उगवला म्हणा ना. काका "अगं, हळू!" म्हणत हसत होते, आणि डोळे पुसत होते.

मग त्यांनी पाळण्याची दोरी धरली. मंडळी पानावर बसली तरी काका हलेनात. मी जवळ गेले.

"काका, चला जेवायला. कधीच झोपली ती."

त्यांनी आत वाकून बघितलं.

"एकवीस वर्षं पाळणा हलवतोय गं," ते हळूच म्हणाले. "आत बाळ आज पहिल्यांदा आहे."

मी त्यांचं ताट तिथेच आणून दिलं.