मोठ्यान बोल!

आमच्या कांदिवलीच्या औषध कंपनीत कुणीही फोन केला, की आधी ओरडा मिळायचा, मग हवा तो माणूस.

"घशात फणसाचो गरो अडकलो काय? मोठ्यान बोल!" राणेकाका खेकसायचे. मालकालासुद्धा सुटका नव्हती.

काका आमचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून आंधळे, मूळचे कुडाळकडचे, एकटे चाळीत राहणारे. मी शेजारीच टायपिंगला. "ह्या कंपनीत साहेब दोन," ते मला बजावायचे, "एक वर बसता, दुसरो हय." रोज सकाळी रिसिव्हरला अत्तर चोपडायचे. का, तर लोकांच्या तोंडांना वास येतो!

"अहो काका, फोनातून कसा वास येईल?"

"तुका नाय येवचो गो. तू टायपिस्ट."



एकदा आमचे मालक कामतसाहेब बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोचा फोन आला, "माझे बाबा आले म्हणून सांगा." काकांनी ऐकलं, "बाबा गेले." झालं! साहेबांचे सासरे वारल्याची बातमी कॅन्टीनपर्यंत पोचली. हेडक्लार्क हार घेऊन, चारपाच जणांसकट बोरिवलीला साहेबांच्या घरी. दार कुणी उघडलं असेल? सासऱ्यांनीच! बनियनवर, तोंडात पान. हेडक्लार्कने हार पाठीमागे लपवला, पण सोबतच्या देसाईबाईंनी तोवर हंबरडा फोडलेला.

हसून हसून आमची वाट लागली. काका मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामतसाहेब काकांच्या टेलिफोन बोर्डापाशी येऊन उभे राहिले. "राणे, दुपारी डॉक्टर येतील, तुमचे कान तपासतील. दिसत नाही, ते चाललं. ऐकूही येत नसेल, तर मी तुम्हाला कसा ठेवू?"

 इतकी वर्षं आम्ही काकांच्या ज्या खेकसण्याला मिजास समजत होतो, ती मिजास नव्हतीच की!

जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा उघडलाच नाही. "कुंदा, जवळ ये गो," म्हणाले. मी खुर्ची ओढली. दिवसभर बोर्डावर टेकलेला तळहात उचलून त्यांनी चाचपडत माझा हात धरला. 

"उजवो कान कधीच गेलो. आता डावो पण जाता."

"काका, दुसरं काहीतरी काम मिळेल," मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं.

"कामाचा जाऊ दे. काळोखाक मी कधी भियालंय नाय. पण रात्री खोलीवर पडलंय की दिवसभराचे तुमचे आवाज आठवतंय. तुझो, हेडक्लार्काचो, त्या रडक्या देसाईबाईचो. तेवढीच माझी माणसा. ते पण गेले, तर माझ्याकडे कोण गो रवतला?"



तेवढ्यात बोर्डाचा बझर वाजला. अगदी त्यांच्या कोपरापाशी. काका बोलतच राहिले. ते दिवसभर बोर्डावर तळहात टेकून का बसतात, ते मला तेव्हा कळलं. बोर्ड थरथरला की त्यांना फोन कळायचा. आता तो तळहात माझ्या हातात होता.

बझर वाजत राहिला. बोर्डावर गेटचा दिवा लागला होता, डॉक्टरच आले असणार. फोन घेतला नाही, तर डॉक्टरांना सगळं आत्ताच कळेल, ह्याची मला भीती वाटली, खूप वाटली. पण काकांचा हात काही माझ्याच्याने सोडवेना.