कुणीच नसलेला उंट

मालकांनी कॉमिकचा ताजा अंक टेबलावर उघडा टाकला, त्यावर भिंग ठेवलं आणि विचारलं, "ही कोण?"

गर्दीवाले वाकून बघू लागले. पान त्यांच्याच हातचं होतं. पेटलेल्या बेकरीवर सोंडेने पाणी मारणारा बंबराव हत्ती, मागे पळापळ करणारं सगळं प्राणीनगर, आणि कोपऱ्यात खेळण्यांच्या दुकानाच्या काचेआड शेपटी फुलवून बसलेली, नखाएवढी एक खार.

"खार आहे," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. कुणाची खार?"

इथे खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्यांना खोटं बोलता येत नसे. ती चिमटी खार होती, म्हणजे दुसऱ्याच चॅनेलवरच्या कार्टूनची नायिका. बंबरावच्या चॅनेलला तिचं नाव काढलेलंही खपत नसे, आणि बंबरावच्या कार्टूनवरून कॉमिक काढायची परवानगी या मंडळींना त्याच चॅनेलने दिलेली होती. अंक बाजारात गेला आणि चॅनेलच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती खार हुडकून काढली. गर्दीवाल्यांचं म्हणणं असं, की खेळण्यांचं दुकान रिकामं बरं दिसत नाही आणि हल्ली ज्या त्या पोराच्या हातात हीच खार असते. म्हणणं अगदी खरं होतं. पण खऱ्या म्हणण्याचा मालकांसमोर कधी कुणाला उपयोग झालाय?

त्यांना गर्दीवाले का म्हणत, तेही सांगून टाकतो. बंबराव आणि त्याची दोस्तमंडळी काढायला मुख्य चित्रकार होते. त्यांचं नाव पहिल्या पानावर ठसठशीत छापलं जाई. मागची गर्दी, म्हणजे रांगेतल्या शेळ्या, खिडकीतून डोकावणारी माकडं, बसमध्ये उभे असलेले बैल, ही सगळी यांच्याकडे. यांचं नाव कुठेच छापलं जात नसे. हळूहळू ते ऑफिसातही कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि शिपायापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना गर्दीवाले म्हणू लागले.

तर, मालक खारीवर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हातात भिंग आलं की माणसाला खोड लागते. भिंग सरकत सरकत एका शेळीवर आलं. ही दाढी मालकांनी कुठेतरी पाहिली होती. खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याची. त्यामागचा वॉलरस म्हणजे समोरचे दाताचे डॉक्टर. छाती फुगवून सगळ्यांना सूचना देणारा टर्की कोंबडा बघून मालकांचा आवाज चढला. तो त्यांचा मेहुणा होता. मग पान उलटलं. तिथे एक भरदार बदकीण हातातली पर्स फिरवत रांग मोडून पुढे घुसत होती. मालकांनी तिच्याकडे फार वेळ पाहिलं. गर्दीवाले छताकडे बघत राहिले. मालकांनी अंक मिटला आणि भिंग ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवरला कुलूप लावलं, म्हणजे हा अंक घरी जाणार नव्हता.

"पुढच्या अंकात बाहेरचा पाहुणा नको आणि घरचाही नको," ते म्हणाले. "बाई स्वतः येऊन पानं बघणार आहेत. ओळखीचा एक चेहरा सापडू दे, की त्याच दिवसापासून गर्दी मशीन काढील."

मशीन म्हणजे रंगवाल्या ताईंचा कॉम्प्युटर. त्यावर एक मेंढी काढायची, बटण दाबायचं, की मैदानभर मेंढ्या. सगळ्या एकाच बाजूला बघणाऱ्या, सगळ्यांचा एकच कान वाकडा. ताईंनी एकदा गंमत म्हणून करून दाखवलं होतं आणि मालकांना ते भलतंच आवडलं होतं. गर्दीवाल्यांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. नोकरीचं तर आहेच, पण आपलं प्राणीनगर, जिथे प्रत्येक जण कुठेतरी निघालेला असतो, तिथे सगळी तीच ती मेंढी उभी राहणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

ते जागेवर येऊन बसले आणि त्यांनी बाह्या वर केल्या. पुढच्या अंकात जोडपानावर घंटाघराची आग होती. आख्खं गाव मैदानात. आणि या गावात ओळखीचं कुणीही नको. करून दाखवतो, ते म्हणाले. ताईंना म्हणाले, पण ताईंच्या कानात हेडफोन होते.

आता अडचण काय होती, ती ऐका. या गृहस्थांना कुणाचाच नसलेला चेहरा काढताच येत नसे. आयुष्यात कधी काढलाच नव्हता. पेन्सिल कागदाला लागली, की नाक कुणाचं तरी यायचं, मग त्या नाकाला शोभतील असे त्याच माणसाचे डोळे यायचे, आणि डोळे आले की तो माणूस हातात पिशवी घेऊन सबंधच्या सबंध हजर. तो घरात शिरल्यावर त्याला बाहेर काढणार कसा?

त्यांनी आधी डोळे मिटून एक बोकड काढला. ताईंनी हेडफोन काढून एक नजर टाकली आणि लिफ्टवाल्याची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मग डाव्या हाताने एक गेंडा काढला. तो मालकांचा ड्रायव्हर निघाला, आणि तोही आजवर उजव्या हाताने कधी आला नव्हता इतका हुबेहूब. गर्दीवाले जिद्दीला पेटले. त्यांनी दाताच्या डॉक्टरांचं नाक घेतलं, न्हाव्याची हनुवटी घेतली, कान शेजारच्या म्हाताऱ्यांचे घेतले आणि सगळं एकत्र करून एक अस्वल उभं केलं. असा माणूस जगात असणंच शक्य नव्हतं. ताई अस्वलाकडे बघून खुदकन हसल्या. तो मालकांचा होऊ घातलेला जावई होता. गर्दीवाल्यांनी त्याला अजून पाहिलंही नव्हतं, पण ताईंच्या फोनमध्ये साखरपुड्याचा फोटो होता. त्यांनी तो दाखवला, आणि गर्दीवाल्यांनी निमूटपणे अस्वल फाडून टाकलं.

मग त्यांना वाटलं, चेहरेच कशाला हवेत? गाव आगीकडे बघतंय, म्हणजे आपल्याकडे पाठ करून उभं असणार. दुपारभर बसून त्यांनी नुसत्या पाठी काढल्या आणि अगदी खुशीत ताईंपुढे ठेवल्या. ताईंनी त्यातल्या तीन पाठी नावानिशी ओळखल्या. एक पाठ तर कमरेवर हात ठेवून अशी उभी होती, की ताईंना तिच्यापुढे आवाज चढवून बोलवेना. ती गर्दीवाल्यांची सासू होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना नामी युक्ती सुचली. बंबराव पाणी मारणार, पाणी उडणार, मग लोक भिजणार. भिजणारे लोक काय करतील? छत्र्या उघडतील. त्यांनी मैदानभर छत्र्या काढल्या. छत्र्यांखाली पाय तेवढे दिसत होते, आणि पायही त्यांनी गमबुटात घातले. आता ओळखा म्हणावं कुणाला ओळखायचं ते.

मालकांनी पान बघितलं आणि डोक्याला हात लावला. त्यांच्या मते हे गाव नव्हतं, ही भूछत्रं होती. आग लागलीय, घंटाघर कोसळतंय, आणि आ वासून बघणारं एकही कुणी नाही? चॅनेलला निदान एक चेहरा तरी लागेल. पुढे, मधोमध, चांगला मोठा.

"एकच काढा," मालक म्हणाले. "पण तो कुणीही नसला पाहिजे. बाई उद्या सकाळी येताहेत."

छत्र्यांच्या मधोमध एक जागा मोकळी सोडून गर्दीवाले बसले. त्यांचं टेबल काचेचं होतं. कागदातून खालची रेघ दिसावी म्हणून काचेखाली दिवा असे. संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं. ताई जाताना मोठा दिवा बंद करून गेल्या. हे इथेच बसलेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि असं काही पहिल्यांदा होत नव्हतं. गर्दीवाल्यांनी डोक्यातली सगळी माणसं एकेक करून बाहेर घालवली. बाबांनो, आज या, परत कधीतरी बोलावतो. सगळे गेल्यावर ते काचेकडे बघत बसून राहिले. नोकरी जाते की राहते, एवढंच डोक्यात होतं. आणि कधीतरी हात आपोआप चालू लागला.

उंट आला. पाठीला बाक असलेला, मान पुढे काढलेला, खालचा ओठ लोंबणारा. डोळे बारीक, जसं काही फार लहान वस्तूकडे बघतोय. एक भुवई वर. खांद्याला कापडी पिशवी. गर्दीवाल्यांनी त्याला उलटा करून पाहिलं, आडवा करून पाहिलं. ओळखीतली सगळी माणसं आठवून झाली. उंट कुणातच बसेना. ते इतके खूष झाले, की छत्री ऑफिसातच विसरून घरी गेले.

सकाळी परीक्षा झाली. ताईंनी उंट लांबून पाहिला, जवळून पाहिला, आणि हात टेकले. शिपाई म्हणाला, असा कुणी या बिल्डिंगमध्ये येत नाही. मालकांनी ड्रॉवरचं कुलूप काढून भिंग बाहेर घेतलं, उंटाला आपल्या सासुरवाडीच्या एकेका माणसाशी ताडून पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात चॅनेलच्या बाई आल्या. त्यांनी स्वतःचं भिंग आणलं होतं. गर्दीवाले टेबलाशी उभे होते.

बाई उंटावर वाकल्या. मग मान वर करून त्यांनी थेट गर्दीवाल्यांकडे पाहिलं.

"जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

गर्दीवाले बाजूला झाले. बाईंनी मनसोक्त बघून घेतलं आणि भिंग पर्समध्ये ठेवलं. आपल्याला असंच हवं होतं, असं त्या मालकांना म्हणाल्या. रस्त्यात शेजारून गेला तरी कुणी वळून बघणार नाही असा चेहरा. खरंच कुणीच नाही हा. त्यांनी पानावर सही केली, अंक छापायला गेला, आणि गर्दीवाल्यांनी त्या दिवशी लिफ्टवाल्याला उगाचच दोनदा नमस्कार केला.

अंक बाजारात जाऊन आठवडा झाल्यावर छापलेली प्रत त्यांच्या हातात पडली. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि बूटही न काढता त्यांनी जोडपान बायकोसमोर धरलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी हातात तशीच ठेवून एकदाच बघितलं.

"अहो, हे काय? स्वतःला उंट कशाला केलंत?"

गर्दीवाल्यांनी तिला समजावलं, की हा कुणीच नाही. सगळ्या ऑफिसने तपासलाय, चॅनेलने सही दिलीय. बायकोने पुढची घडी घातली.

"भुवई बघा. आणि ही पिशवी मी शिवलीय. बंद तुटलाय तो अजून तसाच."

ते अंक घेऊन आरशापुढे गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. उंट झाल्याचं नव्हे, तो चांगलाच उतरला होता. पण ताई रोज शेजारी बसतात. मालक रोज तोंडावर ओरडतात. बाईंनी तर उंटावरून नजर उचलून सरळ त्यांच्याकडे टाकली होती. आणि एकालाही कळू नये? सगळ्या गावाचे चेहरे आपल्याला पाठ, आणि आपला चेहरा घरातल्या एका माणसाखेरीज कुणाला ठाऊक नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. उद्या जायचं आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं, की तो मी आहे.

बायकोने विचारलं, मग गर्दी मशीन काढील त्याचं काय?

"काढू दे," ते म्हणाले. "एकदा त्यांना नीट बघावं तर लागेल."

बायकोने पिशवी घेतली, सुईत दोरा ओवला आणि बंद शिवून टाकला.

सकाळी ते रस्ताभर वाक्य घोकत गेले. मालकांच्या खोलीत न विचारता शिरले. आत चॅनेलच्या बाई बसल्या होत्या. टेबलावर नवा अंक उघडा होता. मुलांना उंट भारी आवडला होता. हा दर अंकात कुठेतरी लपवा, आम्ही शोधतो, असं त्यांनी कळवलं होतं. बाईंना आता हा उंट प्रत्येक गर्दीत हवा होता, आणि तो मशीनचा नको, हाताने काढलेला हवा होता. पण त्याआधी त्यांची एक इच्छा होती. इतकी वर्षं त्या ही गर्दी बघत आल्या होत्या, ती काढणाऱ्या चित्रकाराला त्यांना एकदा भेटायचं होतं.

"हे काय, हेच ते," मालक म्हणाले, आणि नाव सांगायला म्हणून थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी म्हणाले, "आमचे गर्दीवाले."

बाई उठून उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून बघू लागल्या. आधी भुवईकडे, मग ओठाकडे, मग खांद्यावरच्या पिशवीकडे. इतकं नीट या ऑफिसात त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं.

"तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "नक्की पाहिलंय. पण कुठे, ते आठवत नाही."

"असेल," ते म्हणाले. "गर्दीत दिसलो असेन."

आणि उजेड अडू नये म्हणून ते जरा बाजूला सरकले.