लोंढे, फोरमन आणि जमिनीतली तार

आमच्या शेजारचे सदाशिव लोंढे एकदा आठवडाभर गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून अंगणात हिंडत होते. पट्टा साधा नव्हता. त्याला काडेपेटीएवढी एक डबी बसवली होती आणि मधूनच ती किर्र करून वाजायची. ती वाजली की लोंढे जागच्या जागी टुणकन उडायचे, "जरा जास्तच झालं," असं स्वतःशी पुटपुटायचे आणि पुन्हा त्याच जागेवर जाऊन उभे राहायचे. वेड लागलंय म्हणावं, तर माणूस रोज वेळेवर पहिल्या पाळीला जात होता. आमच्या कंपनीत वेड लागायलासुद्धा आधी रजेचा अर्ज टाकावा लागे, आणि लोंढ्यांनी तो टाकलेला नव्हता.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. चिंचवडच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला अगदी लागून आमची कामगारांची कॉलनी होती. बैठी घरं, पुढे ऐसपैस अंगण, अंगणापुढे मुरमाची मोकळी पट्टी आणि तिच्यापलीकडे ट्रकांची रहदारी. मी स्टोअरमध्ये होतो, लोंढे इन्स्पेक्शनमध्ये. आलेला माल तपासायचा आणि खोट काढायची हे त्यांचं काम. ते काम कंपनीच्या गेटवर ठेवून यायचं असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दारावरची भाजी ते एकेक भेंडी वाकवून बघत आणि "नापास!" म्हणून परत टोपलीत टाकत. माझ्या बायकोचे पोहे एकदा "मीठ टॉलरन्सच्या बाहेर" म्हणून नापास झाले होते. ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांना सोबत नेलं होतं. त्यांनी मेहुण्यालाच नापास केलं. ते बरोबरच होतं म्हणा, पण तिथे बोलायचं नव्हतं.

स्वतः लोंढे एकटे. लग्न केलं नव्हतं. "पसंत पडली नाही का कुणी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पवार, तपासणी दोन्ही बाजूंनी होते."

अशा माणसाने कुत्रा पाळला, तोही कसला, तर कंपनीच्या भंगारात सापडलेला. एक कान उभा, एक पडलेला, रंग गंजलेल्या पत्र्यासारखा. हा तर बघताक्षणी नापास व्हायला हवा होता. लोंढ्यांनी त्याला शर्टाच्या आत घालून बसमधून घरी आणला आणि नाव ठेवलं फोरमन. का, तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर ओरडतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही. कॉलनीत एक खरेखुरे फोरमन राहत होते, सावंत. ते कॉलनी कमिटीचे चेअरमनही होते. लोंढे संध्याकाळी अंगणातून "फोरमन, गपचूप ये आणि खाऊन घे!" अशी हाक मारायचे तेव्हा सावंतांच्या घरची माणसं खिडकी लावून घ्यायची.

या फोरमनला एकच गोष्ट जीव तोडून करायची असे. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस दुपारी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला थांबायची. बसचा हॉर्न ओळखून हा अंगणातून सुसाट सुटायचा, मधला सगळा रस्ता ओलांडायचा आणि लोंढ्यांच्या पायात घुटमळायचा. मग दोघं मिळून रस्ता ओलांडून घरी यायचे. येताना लोंढे त्याला दिवसभरात किती माल नापास केला ते सांगायचे. बसमधले लोक हसत, "चला लोंढे, तुमचे साहेब आले न्यायला!"

एका दुपारी व्हायचं ते होता होता राहिलं. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारले, ट्रक तिरपा झाला आणि फोरमन चाकापासून वीतभर अंतरावर आडवा पडला. पायाला खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. लोंढे मात्र पलीकडे टपरीचा खांब धरून उभे होते आणि त्यांना तो सोडवेना. मीच जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

संध्याकाळी कमिटी बसली. सावंतांनी सांगितलं, "लोंढे, कुत्रा बांधून ठेवा. नाहीतर मी गाडी बोलावून त्याला उचलायला लावीन. उद्या ट्रक आमच्या पोरांवर चढला तर?"

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण लोंढे बांधायला तयार होईनात. बांधून बघितलंच नव्हतं असं नाही. पाळीच्या वेळात फोरमन साखळीला इतके हिसडे द्यायचा की मानेचं कातडं सोललं गेलं होतं. जाळीचं कुंपण घातलं तर खालून उकरून पसार. बाभळीचे काटे लावले तर वरून उडी. आमच्याकडे दूध घालणारी पारूबाई जुन्या गावठाणातली. ती म्हणाली, "आवं, यवडं काय त्यात? चांगलं जाड दावं लावा की. आमची म्हस बी ऱ्हाती."

"म्हैस बसला भेटायला जात नाही, पारूबाई," लोंढे म्हणाले.

"न्हाई जात. तिला तेवडी अक्कल हाय."

तेव्हा कंपनीत एक मशिन बसवायला परदेशी इंजिनियर आला होता. त्याने टाकून दिलेल्या एका मासिकात लोंढ्यांना एक चित्र दिसलं. मोकळं हिरवंगार आवार, ना भिंत ना कुंपण, आणि तरी कुत्रा आवारात शहाण्यासारखा बसलेला. जमिनीत तार पुरलेली, तिच्यातून बारीक लहरी सुटतात, कुत्रा जवळ आला की गळ्यातली डबी वाजते, आणखी पुढे गेला तर मानेला झिणझिणी येते. बस्स. लोंढ्यांनी ते पान घडी करून खिशात टाकलं आणि त्या दिवसापासून आमच्या डोक्याशी किर्र सुरू झालं.

सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन त्यांनी ट्रान्झिस्टरचे सुटे भाग आणले. पहार आणि कुदळ घेऊन मुरमाच्या जमिनीत अंगणाभोवती चार बोटं खोल चर खणला. तळहाताला फोड आले तरी दुसऱ्याला कुदळ देईनात. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी खणलेला हातभर चर त्यांनी नापास करून पुन्हा खणला. चरात प्लॅस्टिकच्या वेष्टणाची तार अंथरली, वर माती दाबली आणि घरात एक पेटी बसवून चालू केली.

त्याबरोबर आख्ख्या कॉलनीचे रेडिओ घरघरायला लागले. नेमकी क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती आणि आपला शेवटचा गडी खेळत होता. तो आउट झाला की नाही हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. लोक दारात आले. त्यातच कुणीतरी "लोंढ्यांनी जमिनीत करंट सोडलाय" अशी आवई उठवली आणि पारूबाईने दुधाची किटली लांबूनच खाली ठेवली. "मला काय मरायचं न्हाई. भांडं घिऊन तुमीच हिकडं या."

लोंढे घरात गेले. चपला काढल्या, पायावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं, बरोबर तारेवर अनवाणी उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, चहा इथेच द्या." पूर्ण कप भुरके मारत संपवला. मग सावंतांना बोलावलं. सावंत आले, पण रबरी बूट घालून.

"हा घरचा करंट नाही," लोंढ्यांनी सगळ्यांना सांगितलं. "टॉर्चच्या सेलएवढा जोर. पट्टा नसेल तर कुणाला काहीही होणार नाही. आणि पट्टा आधी माझ्या गळ्यात. माझ्या गळ्यात जो नापास, तो त्याच्या गळ्यात घालणार नाही."

सावंत म्हणाले, "लोंढे, कुत्र्याचं शेपूट किती दिवस नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"शेपूट राहू दे वाकडं. मला कुत्रा जगवायचाय."

तर त्या पट्ट्याची हकीकत ही अशी. आठवडाभर ते दांडीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून पुरलेल्या तारेकडे जायचे, उडायचे, घरात जाऊन पेटीचा जोर कमी करायचे आणि पुन्हा उडायचे. एकेक घरी जाऊन रेडिओ घरघरत नाही ना तेही बघून आले. गंमत म्हणजे दारातून बाहेर पडतानाच त्यांना पहिला झटका बसायचा. रोज सकाळी हातातला चहा अंगावर. कुंपणाची तार तर लांब, मग दारात का? तीन दिवस डोकं लावल्यावर कळलं की घरातून चरापर्यंत नेलेल्या दोन तारा सुट्या टाकल्या होत्या. त्यांनी त्या उकरून काढल्या, वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळल्या आणि परत पुरल्या. पिळलेल्या तारा एकमेकींचा जोर खाऊन टाकतात म्हणे. दारातलं उडणं थांबलं. "नाहीतर बिचारा घरातून बाहेरच आला नसता," लोंढे म्हणाले आणि तेवढ्या विचारानेही त्यांचा चेहरा उतरला.

मग फोरमनची शिकवणी. जुन्या धोतराच्या पताका करून त्यांनी तारेच्या कडेने काठ्यांवर लावल्या. पट्टा घालताना आत दोन बोटं जातात का ते रोज बघायचं. रात्री पट्टा काढायचा, मानेवर हात फिरवून कातडं तपासायचं. ढग गडगडले की पेटी बंद. आणि शिकवणी पुरी होईपर्यंत कुत्रा अंगणात एकटा सोडायचा नाही. पाळीच्या वेळात तो आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोच्या ताब्यात. पोह्यांचा अपमान विसरून तिने त्याला ठेवून घेतला, यावरून काय ते समजा.

पहिले काही दिवस नुसती किर्र, झिणझिणी नाही. लोंढे फोरमनला दोरीने पताकेपर्यंत न्यायचे. किर्र झालं की "मागे फिर!" असं ओरडून स्वतः पळत घराकडे यायचे. फोरमन दोरी ताणून तिथेच उभा राहून त्यांची पळापळ बघायचा. घामाघूम झालेला हा माणूस पुन्हा पताकेकडे जायचा, पुन्हा पळत यायचा. आजूबाजूचे लोक ओट्यावर बसून शेंगा खात बघायचे. एके दिवशी किर्र झालं आणि लोंढ्यांच्या आधी फोरमनच मागे वळला. लोंढ्यांनी त्याला खारी बिस्किटाचा तुकडा दिला आणि अर्धा आनंदाच्या भरात स्वतः खाल्ला.

मग हलकी झिणझिणी चालू केली, आणि त्यानंतर परीक्षा. पताकांच्या रेघेबाहेर चेंडू टाकला, पास. मटणाचं हाडूक टाकलं, पास. सावंतांचं मांजर रेघेबाहेर येऊन बसलं, फोरमनने भुंकून भुंकून घसा कोरडा केला, पण पताका ओलांडली नाही. खुद्द सावंत म्हणाले, "झालं की आता!"

"नाही झालं," लोंढे म्हणाले. "तो काय हाडकासाठी रस्ता ओलांडत होता? खरी परीक्षा उद्या. पवार, तुम्ही उद्या रजा घ्या आणि फोरमनपाशी थांबा. हातात दोरी ठेवा. चुकलाच तर ओढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून बसलो होतो. आख्खी कॉलनी ओट्यावर. पारूबाईसुद्धा रिकामी किटली घेऊन थांबली होती. बसचा हॉर्न वाजला. फोरमन उठला आणि बाणासारखा सुटला. बस पलीकडे थांबली, लोंढे उतरले. किर्र झालं.

फोरमन पताकेशी पाय रोवून थांबला. दोरी सैलच होती. पलीकडून लोंढे दिसत होते, मधून ट्रक जात होते, आणि हा मान वर करून असा काही केकाटत होता की बघवेना. एकदा त्याने पुढचा पाय उचलला. मग तो मागे घेतला आणि रेघेच्या आत खाली बसला.

"पास!" मी ओरडलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. सावंतांनीही पिटल्या. "बाई गं, शाळा शिकलेलं कुत्रं हाय," पारूबाई म्हणाली.

लोंढे मात्र स्टॉपवरच उभे होते. बस गेली, बरोबरचे लोक पांगले, तरी ते तिथेच. मला वाटलं रस्ता मोकळा व्हायची वाट बघताहेत. पण रस्ता मोकळा झाला, तरी ते हलले नाहीत. मग हळूहळू आले, फोरमनजवळ बसले, त्याच्या मानेखाली दोन बोटं घालून पट्टा सैल आहे ना ते बघितलं आणि सगळ्यांचे आभार न मानताच घरात गेले.

मी चहा घेऊन गेलो. ते फोरमनचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते.

"काय हो, एवढं जिंकलात आणि तोंड का असं?" मी म्हटलं.

"पास झाला तो," लोंढे म्हणाले. "मीच पास केला. पण पवार, मी बोर्डिंगात वाढलो. सुट्टी लागली की प्रत्येकाला न्यायला कोणी ना कोणी यायचं. मी फाटकात उभा राहून सगळ्यांना निरोप द्यायचो. उभ्या आयुष्यात मला न्यायला हा एकटा येत होता. आता तोही येणार नाही. मी असा बंदोबस्त केलाय की येऊच शकणार नाही."

"मग पेटी बंद करून टाका," असं मी मूर्खासारखं म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच मेहुणा झाल्यासारखं वाटलं. "काहीतरीच काय? ट्रक आहेत तिथे," ते म्हणाले.

पेटी कधी बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच बसला होतो. बस स्टॉपला लागायच्या आत लोंढे दारात येऊन उभे राहिले. बस थांबताच सगळ्यांच्या आधी उतरले, दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांडला आणि पलीकडे पाय लागताच धावत सुटले. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. हातातला डबा खडखडतोय, सदरा विजारीतून बाहेर आलाय. बसमधले लोक खिडक्यांतून मान काढून बघत होते, पण हसलं कोणी नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत ते रोज तसेच धावले. रेघेच्या आत फोरमन दोन पायांवर उभा राहून नाचत असायचा, आणि लोंढे रस्त्याच्या कडेपासूनच ओरडत यायचे, "आलो रे राजा, आलो!"